ट्यूबलाइटचे पट्टे, भगव्याच्या चुण्या आणि बाबांच्या आठवणी

या महिन्याच्या टपालात "कोणता फोन घेऊ?" हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला. त्याला या वेळी उत्तर देत नाही. हातात आहे त्या फोनवर व्हिडिओ घेताना नेमकं काय बिघडतंय हे ज्यांनी नीट लिहून कळवलं, त्यांची पत्रं निवडली आहेत. नौपाड्यातल्या आमच्या स्टुडिओत लग्नं, मुंजी, गाण्याच्या बैठका मोठ्या कॅमेऱ्यावर शूट करत मी या कामात आले. आता निम्मं काम फोनवर होतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. फोनवरचा व्हिडिओ बहुतेक वेळा कॅमेरा कमी पडल्यामुळे बिघडत नाही. फोन दर क्षणाला आपलं मत बदलतो म्हणून बिघडतो. उजेड किती घ्यायचा, रंग पिवळा की निळा, फोकस कुणावर, हे तो सतत नव्याने ठरवत असतो. फोटोत हे खपून जातं, कारण तिथे क्षण एकच असतो. व्हिडिओत मात्र त्याचं ते ठरवणं डोळ्यांना दिसतं. म्हणून खालची उत्तरं वेगवेगळी असली तरी बरीचशी एकाच जागी येतात: लाल बटण दाबण्याआधी तुम्ही ठरवा, आणि नंतर फोनला ते बदलू देऊ नका.

प्रश्न : ताई, मी घरूनच पुरणपोळ्या आणि फराळाच्या ऑर्डरी घेते. मुलगी माझे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकते. दिवसा छान येतात. संध्याकाळी ओट्यावरची ट्यूबलाइट लावली की व्हिडिओत काळसर पट्टे सरकत राहतात. डोळ्यांना तर काहीच दिसत नाही. फोन बिघडलाय का? शिवाय रात्रीच्या व्हिडिओत पोळी हिरवट दिसते.
— गृहउद्योग चालवणारी वाचक, कोपरखैरणे

उत्तर : फोन ठणठणीत आहे. आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची असते, म्हणजे ती सेकंदाला ५० फेऱ्या करते. प्रत्येक फेरीत दिवा दोनदा तेजाळतो, म्हणजे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र एका झटक्यात घेत नाही, एकेक ओळ वाचत जातो. काही ओळी दिवा तेजीत असताना वाचल्या जातात, काही मंदावलेला असताना. त्या मंद ओळी म्हणजे तुमचे पट्टे.

उपाय शटरमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सेन्सर किती वेळ उजेड घेतो त्यात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं, तर प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण एक किंवा दोन स्पंदनं मिळतात आणि सगळ्या ओळी सारख्या उजळतात. अनेक फोन १/६० धरून चालतात. तो आकडा ६० हर्ट्झ वीज असलेल्या अमेरिकेसारख्या देशांत बरोबर बसतो, आपल्याकडे नाही. अँड्रॉइड फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड (जिथे सगळं हाताने ठरवता येतं) असेल तर तिथे शटर १/५० करा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेली चित्रं, २५ किंवा ३० ठेवा. प्रो मोड नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-बँडिंग किंवा अँटी-फ्लिकर नावाचा पर्याय शोधा आणि ५० हर्ट्झ निवडा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ या वाटेने गेलात की "शो पाल फॉरमॅट्स" असं बटण आहे. ते चालू केलं की २५ फ्रेम्सचा पर्याय दिसायला लागतो, तो घ्या. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर हाताने बदलता येत नाही. त्यासाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप घ्या, ते फुकट आहे. अँड्रॉइडच्याही काही फोनवर ते चालतं.

पोळी तव्यावर टम्म फुगताना स्लो मोशनमध्ये दाखवायची हौस तुमच्या मुलीला असणारच. ते दिवसाच करा. स्लो मोशन म्हणजे सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम्स. त्यात एकेका फ्रेमला १/१०० सेकंदसुद्धा मिळत नाही, त्यामुळे चोकवाल्या ट्यूबखाली कुठल्याही सेटिंगने लुकलुक जात नाही. खिडकीपाशी शेगडी नेता येत असेल तर सकाळी तिथे घ्या.

हिरवटपणाचं कारण दिवा. स्वस्तातल्या एलईडीत रंग नीट दाखवण्याची ताकद कमी असते. नवा दिवा घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला बघा. ९० किंवा त्याहून जास्त असेल तर हळदीचा पिवळा, पुरणाचा तपकिरी आणि तुपाची चमक हे तिन्ही वेगवेगळे दिसतील. काही एलईडी इतक्या खराब असतात की शटर १/५० करूनही त्या लुकलुकतात. घरी तपासायचं असेल तर प्रो मोडमध्ये शटर १/१००० करून फोन दिव्याकडे धरा. गडद पट्टे पळताना दिसले तर तो दिवा बैठकीच्या खोलीत लावा आणि ओट्यासाठी दुसरा आणा. खिडकीतला उजेड आणि ट्यूब दोन्ही एकदम नकोत. पोळीची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी पडते आणि फोन बिचारा दोन्हींच्या मधलं काहीतरी पकडत बसतो.

आणि हे सगळं करायच्या आधी भिंग पुसा. स्वयंपाकघरात फोन दिवसभर असतो, फोडणीची वाफ आणि तुपकट बोटं भिंगावर बसतात आणि दिव्याभोवती धुरकट वलय दिसायला लागतं. चश्म्याच्या मऊ फडक्याने पुसा, पदराने नको.

प्रश्न : गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत आमचं लेझीम पथक असतं. तलावपाळीवर घेतलेल्या क्लिप्समध्ये मुलींचे चेहरे काळवंडतात, मधेच सगळं एकदम उजळतं, पुन्हा अंधारतं. हालचालही तुटक वाटते. लेझीम खेळताना जी लय असते ती व्हिडिओत येतच नाही.
— शिक्षक व पथकप्रमुख, ठाणे पश्चिम

उत्तर : सर, तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं उजेडाचं. तलावपाळीला एका बाजूला पाण्यावरची चमक, वर मोकळं आकाश, आणि समोरून कधी पांढरे सदरे जातात तर कधी काळे फलक. फोन प्रत्येक वेळी नव्याने हिशोब करतो, आणि तेच तुम्हाला उजळ-अंधार असं दिसतं. पथक समोर आलं की एका मुलीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, नुसतं टॅप करू नका. आयफोनवर पिवळ्या अक्षरांत एई/एएफ लॉक असं येतं, अँड्रॉइडवर बहुधा कुलपाचं चिन्ह. मग स्क्रीनवर शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह किंवा घसरपट्टी बोटाने थोडी खाली ओढा. त्यानंतर रेकॉर्ड करा. आता कुणी मधून गेलं तरी उजेड हलणार नाही. एवढं एक केलंत तरी क्लिप ओळखू येणार नाही इतकी सुधारेल.

उभं राहण्याची जागाही बघा. सकाळचा सूर्य तुमच्या पाठीशी किंवा खांद्याच्या बाजूला हवा. रस्त्याच्या अर्ध्या भागावर इमारतींची सावली असते, अर्धा भाग उन्हात. पथक पूर्ण उन्हात किंवा पूर्ण सावलीत येईल असा टप्पा आधी चालून हेरून ठेवा. ऊन-सावलीची सीमा चौकटीच्या मधोमध आली की कुठलंच सेटिंग उपयोगी पडत नाही.

भगव्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक यात्रेच्या व्हिडिओत हे बिघडलेलं असतं. सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो. भगव्यात लाल इतका भरलेला असतो की उन्हात तो आधी मर्यादेला जाऊन टेकतो, बाकीचे दोन मागे राहतात. मग फेट्याच्या चुण्या, ध्वजाच्या लाटा, झिरझिरीत कापडातून पलीकडून येणारा उजेड हे सगळं पुसलं जातं आणि एक सपाट नारिंगी ठिगळ उरतं. नंतर एडिटिंगमध्ये ते परत आणता येत नाही, कारण तिथे माहितीच नोंदलेली नसते. म्हणून लॉक केल्यावर उजेड कमी करताना चेहऱ्याबरोबर फेट्याकडेही बघा. चुण्या दिसायला लागल्या की थांबा. चेहरे किंचित गडद राहिले तर चालतील, ते नंतर उजळता येतात. फोनमध्ये व्हिव्हिड किंवा तत्सम रंग भडक करणारा फिल्टर असेल तर तो बंद.

दुसरं दुखणं तुटक हालचालीचं. फोनच्या भिंगाचं तोंड बहुतेक वेळा कमी-जास्त होत नाही, कायम सताड उघडं असतं. एफ १.८ च्या, म्हणजे बऱ्याच मोठ्या तोंडाच्या, भिंगाला भर उन्हात जादा उजेड रोखायला शटर १/४००० च्या आसपास न्यावं लागतं. एवढ्या कमी वेळात लेझमीची प्रत्येक कडी गोठते. एक फ्रेम गोठलेली, पुढचीही गोठलेली, मधली हालचाल कुठेच नोंदवली जात नाही, म्हणून डोळ्यांना धक्के बसतात. चित्रपटात हालचाल मऊ दिसते कारण तिथे शटर साधारण फ्रेमच्या निम्म्या वेळापुरतं उघडं असतं. २५ फ्रेम्स असतील तर १/५०. उन्हात हे साधायचं तर भिंगावर एनडी फिल्टर लावावा लागतो, म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगलच. भर उन्हाला एनडी ६४, सकाळी लवकर किंवा सावलीत एनडी ८ किंवा १६. क्लिपने अडकवायचे फिल्टर फोनसाठी मिळतात. ते घ्यायचे नसतील तर ५० किंवा ६० फ्रेम्सवर शूट करा, धक्के बरेच कमी होतात. पण ज्या पथकाने महिनोन्महिने मैदानावर घाम गाळलाय, त्यांच्यासाठी एक फिल्टर घ्याच असं मी म्हणेन.

ढोलांच्या अगदी पुढ्यात उभं राहून आवाज घेऊ नका, तो फाटतो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. चार पावलं मागे सरका.

प्रश्न : घरातले सगळे म्हणतात की व्हिडिओ फोर-केमध्येच घ्यायचा. फोन सारखा भरतो. आणि पुण्याला मुलाला पाठवलेला नातीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ त्याच्या टीव्हीवर फिकट, धुतल्यासारखा दिसतो. माझ्या आयफोनवर तर रंग उत्तम आहेत.
— निवृत्त बँक कर्मचारी, नेरुळ

उत्तर : काका, आकडे तुम्हाला आवडतील. तुमच्याच फोनच्या रेकॉर्ड व्हिडिओच्या पानावर ते लिहिलेले आहेत. १०८०पी, ३० फ्रेम्स : मिनिटाला सुमारे ६० एमबी. फोर-के, ३० फ्रेम्स : सुमारे १७० एमबी. फोर-के, ६० फ्रेम्स : सुमारे ४०० एमबी. म्हणजे तासाभराच्या वाढदिवसाला पहिल्यात साडेतीन जीबीच्या आसपास जागा जाईल, तिसऱ्यात २४ जीबी. घरगुती समारंभाला १०८०पी पुरतं. फोर-केमध्ये चारपट ठिपके असतात, हे खरं. त्यांचा उपयोग नंतर चित्र कापून जवळ आणायचं असेल तेव्हा होतो, किंवा पंचवीस वर्षांनी कुणीतरी मोठ्या पडद्यावर बघेल अशी गोष्ट असेल तेव्हा. केक कापतानाची दोन मिनिटं फोर-केमध्ये घ्या, बाकीचं १०८०पीमध्ये.

फिकटपणाचं कारण एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला तपशील जास्त राखणारा व्हिडिओ. आयफोन १२ पासूनचे बहुतेक फोन, म्हणजे २०२० अखेरपासूनचे, डॉल्बी व्हिजन एचडीआरमध्ये व्हिडिओ घेतात. तो ज्या पडद्याला समजतो तिथे झकास दिसतो. ज्याला समजत नाही तिथे पांढुरका. त्याच पानावर एचडीआर व्हिडिओ असं बटण आहे, ते बंद करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसा पाठवला की तो दाबून लहान केला जात नाही आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते.

प्रश्न : मुलगी भरतनाट्यम शिकते. गुरूंच्या संस्थेचा वार्षिक कार्यक्रम घाणेकर नाट्यगृहात झाला. मी सहाव्या-सातव्या रांगेतून शूट केलं. तिचा चेहरा पांढराफट्ट आलाय, डोळ्यांचा अभिनय काहीच दिसत नाही. ज्यासाठी एवढी मेहनत, तेच गेलं. पुढच्या वर्षी काय करू?
— एक आई, घोडबंदर रोड

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण भरतनाट्यमचं निम्मं सांगणं डोळ्यांतच असतं. मंचावर तीन चतुर्थांश चौकट काळ्या पडद्याची असते. फोनला वाटतं की इथे अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. पडदा राखाडी होतो आणि चेहरा जळतो. त्यामुळे उपाय उलटा वाटेल असा आहे: अंधाऱ्या नाट्यगृहात एक्स्पोजर, म्हणजे फोन घेतो तो उजेड, कमी करायचं.

पुष्पांजलीला मुली मंचावर आल्या की चेहऱ्यावर बोट दाबून लॉक करा आणि घसरपट्टी खाली, आणखी खाली ओढत जा. नाकातली नथ, कपाळावरच्या चुट्टीचे खडे, काजळाची रेघ वेगवेगळी दिसायला लागेपर्यंत. त्या वेळी स्क्रीनवर मागचा पडदा पूर्ण काळा दिसेल आणि तुम्हाला वाटेल की फारच अंधार झाला. तसाच राहू द्या. हल्ली मंचावर एलईडी पार, म्हणजे रंग बदलणारे दिवे, असतात, आणि जांभळा-निळा रंग पडला की चेहरा पुन्हा सपाट होतो, तेव्हा आणखी थोडं कमी. प्रो मोड असेल तर शटर १/५०, फ्रेम २५, आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) चेहरा नीट दिसेल इतपतच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या रंगाचा उजेड पांढरा धरायचा ते, ऑटोवर ठेवू नका. जुने पिवळे हॅलोजन असतील तर ३२०० केल्विन, पांढरे एलईडी असतील तर ५०००-५६०० च्या दरम्यान. आकडा एकदा ठरला की पूर्ण नृत्य संपेपर्यंत तोच. रंगीत दिव्यांचा रंग रंगीतच यायला हवा. ऑटोवरचा फोन तो पुसून पांढरा करायला बघतो आणि प्रकाशयोजना करणाऱ्याचं सगळं काम पाण्यात जातं.

दोन बोटांनी झूम ओढू नका. दुसरी लेन्स असेल तर तिचं बटण दाबा, २ किंवा ३. पण सावध रहा: उजेड कमी असला की काही फोन गुपचूप मुख्य लेन्सवरच राहतात आणि तेच चित्र कापून मोठं करतात. झूमच्या लेन्सवर बोट ठेवून बघा. चित्र झाकलं गेलं नाही तर समजायचं की फोन दुसऱ्याच लेन्सने बघतोय. अशा वेळी झूमचा मोह सोडून पुढच्या रांगेतली खुर्ची मागणं जास्त फायद्याचं. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) चालतो, ट्रायपॉड बहुतेक जागी मागच्यांना आडवा येतो. स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा, तुमच्या मागेही कुणाची तरी आई बसलेली असते. आणि संस्थेला आधी विचारा. आपल्या मुलांच्या कार्यक्रमाला सहसा परवानगी मिळते, पण मंचावर दुसऱ्यांचीही मुलं असतात, त्यांचा व्हिडिओ सगळीकडे टाकायचा की नाही हा प्रश्न वेगळा आहे. व्यावसायिक नाटकात तर फोन बाहेर काढायचाच नाही, ते चित्रण बेकायदा आहे आणि समोरच्या नटाचा अपमानही.

प्रश्न : लोकलच्या खिडकीतून शूट केलं की रुळांकडेचे खांब तिरके दिसतात. का?
— अकरावीचा विद्यार्थी, कळवा

उत्तर : वर लिहिलंय तेच कारण, ओळीमागून ओळ वाचणारा सेन्सर. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईस्तोवर खांब पुढे सरकलेला असतो. शटर कितीही वाढव, हे जात नाही. जवळचे खांब टाळून लांबचं दृश्य घे, ते जवळजवळ सरळच दिसेल. आणि फोन खिडकीबाहेर काढू नकोस, दारात उभं राहून तर मुळीच शूट करू नकोस.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी बघायला गेलो होतो. व्हिडिओत नुसते पांढरे ठिपके. फोनने हे शक्य आहे का?
— पक्षीप्रेमी दांपत्य, घणसोली

उत्तर : शक्य आहे, पण फोनपेक्षा भरतीचं वेळापत्रक जास्त कामाला येतं. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर या जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आला. हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित इथे असतात. ओहोटीला ते लांबवर चिखलात पसरतात. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि ते काठाकडे किंवा नेरुळच्या पाणथळींवर येतात. भरतीच्या आधी जाऊन बसा, आणि सकाळीच. दुपारी तापलेल्या चिखलावरून हवा थरथरते, लांबच्या लेन्समधून पक्षी विरघळल्यासारखे दिसतात आणि त्यावर कसलंच सेटिंग चालत नाही.

इथे मात्र फोर-के लावा, कारण नंतर चित्र कापावं लागणारच. फोनवर खरी झूम लेन्स जितकी असेल तिथवरच जा, पुढचं कापणं घरी. ट्रायपॉड हवाच. त्यावर फोन असताना स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर पुसण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर चित्र उगाच तरंगतं. गुलाबी रंगही उन्हात पांढरा पडतो, म्हणून पक्ष्यावर लॉक करून उजेड कमी करा. दुर्बीण किंवा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) असेल तर फोन त्याच्या डोळ्याकडच्या भिंगाला जोडायचा अडॅप्टर मिळतो. साध्या मुख्य लेन्सने त्यातून घेतलेलं चित्र कुठल्याही डिजिटल झूमच्या वर असतं. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे लोक मी त्या काठावर पाहिले आहेत. लांबचा प्रवास करून रोहित इथे खायला येतात. प्रत्येक उड्डाणात त्यांची ताकद जाते. कृपा करून थांबा, थवा आपणहून उडतो. ड्रोन तर नकोच.

प्रश्न : बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत, बोलणं स्पष्ट आहे, आठवण पक्की आहे. त्यांच्या आठवणी फोनवर नोंदवून ठेवायच्या आहेत. घर लहान, दिवे साधे. ट्रायपॉड आहे, माइक नाही. नीट कसं करू?
— मुलगा, किसननगर

उत्तर : हे पत्र शेवटी घेतलं, कारण यावर मला सर्वांत जास्त लिहायचं होतं. आणि हे काम पुढच्या रविवारवर टाकू नका.

आधी माइक घ्या. कॉलरला लावायचा, वायरचा साधा चालेल, तुमच्या फोनला टाइप-सी आहे की लाइटनिंग ते बघून. चित्र मध्यम आलं तरी आपण बघतो, पण शब्द कळले नाहीत तर पाच मिनिटांत बंद करतो. माइक लावून एक मिनिट रेकॉर्ड करा, हेडफोनवर ऐका, मगच सुरुवात करा. काही फोन माइक जोडूनही स्वतःचाच माइक वापरत राहतात. माइकच्या टोकावर नखाने हळूच खरवडा. रेकॉर्डिंगमध्ये ते मोठ्याने ऐकू आलं की समजा जोडला गेला.

बाबांना खिडकीच्या बाजूला बसवा, खिडकी त्यांच्या एका गालाकडे, पाठीमागे नाही. ट्यूब बंद. पंखा बंद, निदान बोलणं चालू असेपर्यंत. पंख्याचा आवाज माइकमध्ये शिरतोच, शिवाय पाती दिव्याच्या खालून फिरत असतील तर चेहऱ्यावर सावलीची फडफड येते, आणि ती शटर बदलून जात नाही. उकडेल, म्हणून दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. तुकड्यांचा दुसराही फायदा आहे: फोन तापत नाही, आणि एखादी फाइल बिघडली तर सगळं जात नाही. फोनचं कव्हर काढून ठेवा, चार्जिंग तुकड्यांच्या मधल्या वेळेत.

सेल्फी कॅमेरा नको, मागचा वापरा. अल्ट्रावाइड लेन्स तर अजिबात नको. लहान खोलीत तिचा मोह होतो, पण जवळून ती नाक मोठं आणि कान लहान करते, आणि बाबा बाबांसारखे दिसत नाहीत. मुख्य लेन्स घ्या. जागा मिळाली तर २ वर जाऊन चार-पाच फूट मागे सरका. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. भिंतीला पाठ टेकलेली नसावी, हातभर तरी पुढे. चश्म्यात खिडकी चमकत असेल तर खुर्ची थोडी वळवा, चश्मा काढायला लावू नका. बारीक चौकड्यांचा किंवा रेघांचा सदरा स्क्रीनवर लहरतो, एकरंगी घालायला सांगा.

फ्रेम २५, शटर १/५०, फोर-के, एचडीआर बंद. डोळ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक. माणूस बोलताना हात हलवतो, आणि फोकस मोकळा असेल तर तो हाताकडे धावतो, परत येतो, पुन्हा धावतो. सिनेमॅटिक किंवा पोर्ट्रेट व्हिडिओ लावू नका. मागचं धूसर करताना तो पांढऱ्या केसांच्या कडा आणि चश्म्याची काडी खातो, आणि ती खूण कायमची चित्रात राहते. फोन विमान मोडवर टाका. मधेच कॉल आला तर काही फोनवर रेकॉर्डिंग थांबतं, आणि बाबांचं वाक्यही.

आता एक गोष्ट जी सेटिंगमध्ये नाही. त्यांची हत्यारं घरात असतील. कानस, व्हर्नियर, जुना मायक्रोमीटर, एखादं ओळखपत्र. ते हातात द्या. "तुमच्या नोकरीबद्दल सांगा" म्हटलं की वडील माणसं दोन वाक्यांत आटपतात. व्हर्नियर हातात आला की अंगठा आपोआप चाकावर जातो आणि मग कोणत्या शिफ्टला कोण होता, कुठल्या मशीनवर कोणाचं बोट गेलं, पहिला बोनस कशावर खर्च झाला, सगळं येतं. बोलणं संपल्यावर फक्त हातांची क्लिप वेगळी घ्या, खिडकीच्या उजेडात, अगदी जवळून. आयफोन १३ पासूनच्या प्रो मॉडेलांत जवळ गेलं की मॅक्रो (अगदी जवळचं टिपण्याची सोय) आपोआप चालू होतो आणि चित्र एकदम उडी मारतं. फुलाचं चिन्ह दिसेल ते दाबून बंद करा आणि किंचित मागे या.

त्यांच्या वाक्यानंतर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. तीन-चार सेकंद गप्प बसा. बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते, आणि कापताना तेवढी जागाही मिळते.

रेकॉर्डिंग झालं की त्याच संध्याकाळी मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरच्या कॉम्प्युटरवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून नातेवाइकांना जे जाईल ती मूळ प्रत धरू नका. फाइलीच्या नावात तारीख आणि विषय लिहा. जमलं तर कोणत्या मिनिटाला कशाबद्दल बोलले याची कागदावर चार ओळींची नोंद करा, म्हणजे पुढे कुणी शोधलं तर सापडेल. माइक कोणता घेतलात आणि पहिला तुकडा कसा आला ते मला जरूर कळवा. आवाजाची काही अडचण राहिली असेल तर पुढच्या अंकात पहिलं उत्तर तुमचं.